अंबूअक्का जगते ती गोष्ट

भोर, १२ नोव्हेंबर १९४३

दादा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखणार नाहीस. तू घर सोडलंस तेव्हा मला नुकती कुठं जोडाक्षरं यायला लागली होती, तीही तूच शिकवलेली. मी रतन. तुझा पत्ता भोरच्या शाळेत तुझ्याबरोबर शिकवायचे त्या आनंदराव मास्तरांनी दिला. नागपूरला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करतोस, असं ते म्हणाले. दर दिवाळीला तू त्यांना कार्ड टाकतोस म्हणे. ते ऐकून वाईट वाटलं, पण ते राहू दे.

घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. मी भोरच्या दवाखान्यात नर्स आहे. माझं लग्न झालं, आणि दोन वर्षांत घरधनी तापानं गेले. सासरच्यांनी परत पाठवलं. मग आनंदराव मास्तरांनी खटपट करून मला पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं. आबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्यात सगळं आलं.

आज लिहायला बसले त्याचं कारण निराळंच आहे. मागच्या वर्षी लढाईमुळं नर्सा कमी पडत होत्या, म्हणून मला पुण्याच्या लष्करी इस्पितळात नेलं. तिथं एका खोलीत बर्फाचं मोठं कपाट होतं. पहिल्याच दिवशी मेट्रननं ते उघडून दाखवलं. आत काचेच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. खाली काळपट लाल साका बसलेला, वर पिवळसर पाणी. माणसांचं रक्त, दादा. कॉलेजातल्या पोरांनी, कचेरीतल्या कारकुनांनी येऊन दिलेलं. कुठल्या शिपायाला चढवायचं ते अजून ठरायचं होतं.

बरोबरच्या मुली तोंडाला पदर लावून मागं सरल्या. मी पुढं झाले. मेट्रन म्हणाली, "तू आधी पाहिलंयस वाटतं?" मी हो म्हणाले. मी ते तुझ्या गोष्टीत पाहिलं होतं.

तुझ्या गोष्टीत ती खोली तोरण्याच्या कड्यात खोदलेली आहे. बाटल्या टाक्याच्या गार पाण्यात उभ्या आहेत. गावातला धडधाकट माणूस सुगी झाली की येऊन आपलं रक्त ठेवून जातो, आणि ज्याला लागेल त्याला ते मिळतं. ती छापून आलेला मासिकाचा अंक आनंदराव मास्तरांकडे होता. सोळा वर्षांची असताना मी तो वाचला, आणि नर्स व्हायचं तेव्हाच मनात घेतलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांनाही नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पण हे तुला कळायला हवं होतं.

तुझी
रतन

भोर, २० डिसेंबर १९४३

दादा,

तुझं कार्ड आलं. तीनच ओळी. तब्येत बरी आहे, आता लिहीत नाही, आबांना पत्र लिहिल्याचं सांगू नकोस. आणि कडेला बारीक अक्षरात एक प्रश्न: रक्त बाटलीत गोठत कसं नाही?

ती कडेची ओळ मी कितीदा वाचली म्हणून सांगू!

गोष्टीत तू तिथं कुठल्या तरी रानवेलीचा रस घातलायस. वेल नाही, पण रस म्हटलास ते फार लांब नाही. लिंबात जो आंबटपणा असतो त्यापासून एक क्षार करतात. सायट्रेट म्हणतात त्याला. तो बाटलीत आधीच घालून ठेवायचा, म्हणजे रक्त पातळ राहतं. आठवडाभर, फार तर थोडं जास्त. पुढं ते नासतं.

एका ठिकाणी मात्र तू पार चुकलास. तुझ्या गोष्टीत कुणाचंही रक्त कुणालाही चालतं. तसं होत नाही. रक्ताचे चार गट आहेत. न जुळणारं रक्त काचेवर एकत्र केलं की रवा पडल्यासारख्या गुठळ्या होतात. तेच अंगात झालं तर माणूस हातचा जातो. हे मी शिकले तेव्हा मला तुझ्यासाठी वाईट वाटलं. तुला हे कुणी सांगितलं असतं तर तू गोष्टीत ते किती छान बसवलं असतंस.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितली. ती लिहू की नको, असं झालंय. गट तू गोष्ट लिहिलीस त्याच्या पुष्कळ वर्षं आधीच सापडले होते. तो क्षारही. अंबूअक्का गेली तेव्हा जगात हे सगळं होतं, दादा. फक्त आपल्यापर्यंत आलं नव्हतं.

मी तेव्हा लहान होते, पण ती दुपार मला आठवते. आई गेल्यावर अक्कानंच आपल्याला वाढवलं, म्हणून पहिल्या बाळंतपणाला ती हट्टानं वेल्ह्याला आपल्याकडेच आली. बाळ मेलेलंच आलं आणि तिचं रक्त थांबेना. बाजेला दोर बांधून तुम्ही तिला नसरापुरापर्यंत आणलीत. एका टोकाला तू होतास, एका टोकाला आबा. मी मागून पळत होते. डॉक्टर भेटले तेव्हा ती पांढरी फटक पडली होती. तू अंगरख्याची बाही वर करून दंड पुढं केलास आणि म्हणालास, "माझ्यातलं काढा आणि हिला घाला." डॉक्टर म्हणाले, "बाळ, असं होत नसतं."

त्यावर वर्षभरानं तू ती गोष्ट लिहिलीस. गोष्टीतल्या बाईचं नाव अंबूच ठेवलंस.

आबांना मी काही सांगितलेलं नाही. पण एक लपवलं होतं ते सांगते. आबा वेल्ह्याला नाहीत, माझ्याजवळ भोरलाच असतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. जमीन वाट्यानं लावलीय. दिवसभर ओट्यावर बसून असतात. तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

रतन

भोर, ६ मार्च १९४४

दादा,

मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. कामात असशील. तरी आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

गेल्या आठवड्यात तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून सखू नावाची बाई आणली. बाळंत होऊन आठ तास झालेले. बाळ जिवंत, रक्त चालूच. बाज नसरापुरापर्यंत, आणि तिथून उस्मान मोटरवाला आपल्या मोटरीत घालून कापूरहोळावरून घेऊन आला. पेट्रोल मिळत नाही म्हणून त्यानं मोटरीला कोळशाची भट्टी लावलीय, तिच्या वायूवर ती चालते. चढाला गाडी धापा टाकते. येईपर्यंत बाईचे ओठ पांढरे.

बर्फ नाही, भरून ठेवलेल्या रक्ताच्या बाटल्या नाहीत. त्या सगळ्या लढाईला जातात. पण पुण्याहून येताना मी सुया, नळ्या आणि क्षार असं सामान मागून आणलं होतं. इथले डॉक्टर हसले होते तेव्हा. त्या दिवशी तेच म्हणाले, "रतनबाई, काढा तुमचं सामान."

नवरा कोंडिबा. दांडगा गडी. तुझ्या गोष्टीत नवऱ्याचंच रक्त बायकोला वाचवतं, आठवतं? त्यानंही हात पुढं केला. "सगळं घ्या, पर हिला ठिवा." मी काचेवर थेंब जुळवला आणि गुठळ्या झाल्या. त्याला सांगितलं, तुमचं चालत नाही. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसा तू त्या डॉक्टरांकडं बघत होतास.

"आवो, मी नवरा हाय तिचा! मग कुनाचं चालंल?"

भावाचं पाहिलं, नाही जुळलं. माझं पाहिलं, नाही जुळलं. दारात उस्मान उभा होता. तो म्हणाला, "माझं बघा की." थेंब टाकला. काच स्वच्छ राहिली.

सखूची सासू भिमा म्हातारी कोपऱ्यात होती. तिनं उस्मानकडं पाहिलं, कोंडिबाकडं पाहिलं. आता वाद होणार असं मला वाटलं. उस्मानलाही वाटलं असावं, तो दोन पावलं मागं झाला. म्हातारी त्याला म्हणाली, "मागं का सरतुयास? बस हितं. दूध आणू का तुला?"

डॉक्टरांनी उस्मानचं रक्त बाटलीत घेतलं. मी बाटली हलवत होते, क्षार मिसळावा म्हणून. ऊन ऊन लागत होती हाताला. मग ती उलटी टांगली आणि नळीतून थेंब थेंब सखूच्या दंडात. कोंडिबा सारखा विचारत होता, "पोचलं का? पोचलं का?" सगळी बाटली संपली तरी ओठ तसेच. मी मनात हरले होते. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

तू लिहिलं होतंस तसंच. डोळे उघडून पाणीच मागते ती तुझ्या गोष्टीत. मी बाहेर जाऊन रडले. सखू वाचली म्हणून की अक्का वाचली नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी एक सुरू केलंय. बर्फाची खोली मला भोरात मिळायची नाही. म्हणून रक्त माणसांच्या अंगातच ठेवायचं, आणि कुणाचं कुणाला चालेल ते आधी तपासून ठेवायचं. आठवडी बाजाराला येईल त्याला पटवते आणि सुईनं बोट टोचून थेंब घेते. हाफिज खाटीक, मामलेदार कचेरीतला पट्टेवाला, कोंडिबा स्वतः. हाक मारली की यायचं, असं कबूल करून घेतलंय. गोष्टीतल्या खोलीपेक्षा हे फार ओबडधोबड आहे. पण बेतलंय ते तिच्यावरूनच.

रतन

भोर, २ एप्रिल १९४४

दादा,

तू बजावलं होतंस तरी आबांसमोर तुझं नाव निघालं. मी काढलं नाही. कोंडिबा नारळ घेऊन घरी आला होता. ओट्यावर आबांपाशी बसला आणि सगळी हकिगत सांगून म्हणाला, "तुमच्या लेकीला ह्यो इलम कुनी शिकवला वो?" आबा म्हणाले, "पुण्याला शिकली." तेवढ्यात आनंदराव मास्तर आले होते, ते बोलून गेले, "त्याच्याही आधी तुमच्या ज्ञानूनं लिहून ठेवलं होतं, रखमाजीराव. याच भोरात बसून."

कोंडिबा गेल्यावर आबांनी मला हाक मारली. "त्ये लिवल्यालं हाय का तुज्यापाशी?"

अंक मास्तरांनी मला केव्हाच देऊन टाकलाय. आबा म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. आबा भिंतीला टेकून, हात गुडघ्यावर. बाजेवरून अंबूला नेतात तिथं ते म्हणाले, "व्हय, आसंच न्हेलं हुतं." कड्यातली खोली, बाटल्या, नळी. मग अंबू डोळे उघडते, पाणी मागते, आणि विचारते, "पोर कुठाय माजं?" तिथं मी थांबले, कारण आबा सरळ उठून बसले होते.

"म्हंजी ह्यात ती जगती?"

"हो आबा. जगते."

"मरत न्हाई?"

"नाही. पुढं तिला आणखी दोन मुलं होतात. ती म्हातारी होते."

दादा, त्यांना हे ठाऊकच नव्हतं. वाचता येत नाही, आणि वाचून दाखवा असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही. बाजारात कुणीतरी सांगितलं होतं की त्यांच्या पोरानं मेलेल्या बहिणीचं बाळंतपण चारचौघांत छापून आणलंय, लोक मिटक्या मारून वाचतायत. तेवढ्यावर त्यांनी तुला उंबऱ्याबाहेर काढलं. आणि तूही त्यांना सांगितलं नाहीस. तू फक्त पिशवी उचललीस. मी दाराआड होते. तू सांगशील, सांगशील असं वाटत होतं मला.

आबा म्हणाले, "मला वाटलं त्यानं तिला पुन्यांदा मारली. त्यानं तर जगवली हुती." मग म्हणाले, "परत वाच."

त्या दिवशी तीनदा वाचायला लावली.

तू ये. ते तोंडानं म्हणत नाहीत, मीच म्हणते आहे.

रतन

भोर, १९ जून १९४४

दादा,

आबांना लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. मी वाचून दाखवलं. राग नाही असं लिहिलंस, त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. दिवाळीला रजा मिळाली तर येईन, यावर "येऊ दे" म्हणाले.

मधल्या पत्रांतून मी त्यांचे प्रश्न तुला कळवत होते. त्यांना आता दुसरं सुचत नाही. दवाखान्यातून आले की धरून बसवतात. वेल्ह्यात बाटली पोचंस्तोवर ऊन लागंल, मग ओल्या गोणपाटात गुंडाळली तर? गडावरनं खाली तारंवरनं सोडली तर? रक्त वाळवून पापडागत ठेवता यायचं न्हाई का? मी हसले, तर म्हणाले, "हसू नगं. ज्ञानूला इचार. त्यो लिवंल. त्यानं लिवलं की कुनीतरी करंल."

त्या सगळ्यावर तू एकच ओळ लिहिलीस. "आबा, मला आता तसलं काही दिसत नाही." ती ओळ मी गाळणार होते. पण माझा आवाज अडखळला आणि त्यांनी ओळखलं. "काय गाळलंस?" वाचावी लागली.

ते म्हणाले, "माज्यामुळं."

मी म्हटलं, तसं नाही आबा, वय झालं, काम असतं. त्यांनी ऐकलं नाही.

खरं सांग. त्या गोष्टीनंतर एकही ओळ लिहिली नाहीस? मास्तर म्हणतात तुझ्या डोक्यात पुढच्या कितीतरी गोष्टी होत्या. बहिऱ्याला ऐकू येईल असं यंत्र, मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायची काचेची बाहुली. शिकवत होतास तेव्हा तू वर्गात मुलांना सांगायचास म्हणे. त्यांचं काय झालं?

रतन

भोर, २ नोव्हेंबर १९४४

दादा,

नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. तू चार दिवस राहिलास. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी रडलं नाही. मी मनात काय काय ठरवलं होतं. तुझे केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटं शिशानं काळी झालीत आणि चष्मा जाड झालाय. तू आबांच्या पाया पडलास, त्यांनी तुझा चेहरा चाचपला, आणि पुढं नुसत्या इकडच्या तिकडच्या गोष्टी. पाऊसपाणी, नागपूरची संत्री, लढाई. एकदा आबा म्हणाले, "रक्त वाळवायचं इचारलं हुतं म्या." तू म्हणालास, "हो आबा." तेवढंच.

तू गेल्यावर पुण्याहून माझ्या जुन्या मेट्रनची चिठ्ठी आली, ती तुला कळवायला हवी. लढाईवर आता रक्तातलं पिवळं पाणी वाळवून भुकटी करून पाठवतात. बर्फ लागत नाही, गट जुळवावे लागत नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं की चढवता येतं. विलायतेकडे हे दोन-तीन वर्षांपासून चाललंय. म्हणजे आबा विचारत होते तेव्हा ते झालेलंच होतं. तुझ्या पहिल्या गोष्टीसारखंच, जगात होतं, आपल्याकडे नव्हतं. पण ते तुझ्या हातून आधी लिहून झालं असतं, सतरा वर्षांपूर्वीच, असं मला सारखं वाटतं. ते वाचून आणखी कुणी रतन कुठं गेली असती, तेही कळायला मार्ग नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते कुणाकडं मागायचं?

आबांना भुकटीचं सांगितलं. म्हणाले, "बग. व्हतंय का न्हाई?" मग जरा वेळानं, "ज्ञानूनंच काढलं आसंल."

ते असं का म्हणाले, ते तुला सांगायचं आहे. त्यासाठीच हे पत्र.

तू निघालास त्याच्या आदल्या दुपारी मी तो मासिकाचा अंक तुझ्यापुढं ठेवला होता. तू तो सतरा वर्षांनी हातात घेतलास. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तू काही वेळ नुसता पानावर हात ठेवून बसलास. मग खिशातून पेन्सिल काढलीस. मी उंबऱ्यापर्यंत पुढं सरकले. तू ओळीओळीवरून पुढं जात होतास, मध्येच कडेला काही खूण करत होतास, पान उलटत होतास. अंबू डोळे उघडते तिथंही तू थांबला नाहीस. शेवटी अंक मिटून ठेवलास आणि तोंड धुवायला मागं गेलास.

मी तो आत नेऊन उघडून पाहिला. तू छपाईच्या चुका दुरुस्त केल्या होत्यास. गळलेले अनुस्वार, उलटा पडलेला खिळा, ऱ्हस्वदीर्घ. सगळ्या बरोबर होत्या. बाकी काही नव्हतं.

पण तेवढा वेळ आबा ओट्यावर तुझ्या शेजारीच होते. त्यांना अंधुक दिसतं. अक्षर नाही, पण हात हललेला दिसतो, आणि पेन्सिलीचा आवाज येतो. मी अंक ठेवून बाहेर आले तर त्यांनी माझा पदर धरला, खाली ओढलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "लिवतुया गं. लिवाया लागलाय परत. तू बोलू नगंस त्याला काय, लिवू दे."

त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, अक्का असताना सुद्धा.

मी त्यांना सांगितलं नाही. ते रोज विचारतात, ज्ञानूचं कुठवर आलं? मी सांगते, चाललंय. पत्र लिहिशील तेव्हा तूही तसंच लिही.

रतन